न्हाणीचा खर्च : आधी जमिनीखाली, मग भिंतीवर

घर बांधताना आपल्याकडे देव्हाऱ्याची दिशा गुरुजींना विचारून ठरते, चुलीची जागा घरातली वडीलधारी बाई ठरवते आणि गोठा वाऱ्याची दिशा पाहून घालतात. न्हाणीची चौकशी मात्र कोणी करीत नाही. सोपा, माजघर, स्वयंपाकघर झाल्यावर परड्याच्या अंगाला जो कोपरा उरेल तो न्हाणीचा. मग दहा-वीस वर्षांनी उसाच्या बिलाचे चार पैसे हातात येतात, घरात लग्न ठरते, आणि पाव्हणे येणार म्हणून एकदम न्हाणीची आठवण होते. घाईने गवंडी बोलावला जातो, भिंतीला चकचकीत फरशा चढतात, वर शॉवर लागतो आणि पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीतले पाणी उंबरा ओलांडून माजघरात येते.

गेल्या तीस वर्षांत करवीर, कागल, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांतून हिंडताना अशा न्हाण्या मी पुष्कळ पाहिल्या. आम्ही विस्तार अधिकारी जातो उसाची लागण बघायला. पण शिवारातून आल्यावर हातपाय धुवायला न्हाणीतच जावे लागते, आणि माणसाचे लक्ष निचऱ्याकडे गेल्याशिवाय राहत नाही. रानातले पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे बरोबर सांगणारा शेतकरी घरातल्या न्हाणीचे पाणी कुठे जाते या प्रश्नाला अडखळतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करून न्हाणीच्या दुरुस्तीचा हिशेब मांडू.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. न्हाणीच्या जमिनीत पाणी जाण्यासाठी जी वाटी बसवतात तिला साऱ्या हिंदुस्थानात बांधकामाच्या धंद्यात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजीत लिहिलेल्या सरकारी अंदाजपत्रकातही हाच शब्द असतो. आपल्या न्हाणीचे नाव देशभर गेले. आपल्या कित्येक न्हाण्यांत मात्र तो ट्रॅपच नसतो. भिंतीला एक भोक आणि त्यातून परड्यात वाहणारा पाट, एवढीच व्यवस्था.

करवीर तालुक्यातल्या एका गावची हकिकत सांगण्याजोगी आहे. नाव सांगत नाही. या गृहस्थांनी दहाएक वर्षांपूर्वी बंगलीवजा घर बांधले. शहरातल्या कंत्राटदाराने छापील चित्र दाखवले आणि न्हाणीत अंघोळीचा टब बसला. टब पाच फूट लांब, काठ जमिनीपासून दीड-पावणेदोन फूट वर. पूर्ण भरायला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागणार. एवढे पाणी तापवणार कोण आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ते आणणार कुठून? टबात अंघोळ अशी झालीच नाही. त्यात सरकी पेंड भिजत घातलेली मी स्वतः पाहिली आहे. पावसाळ्यात त्यातच भुईमुगाच्या शेंगांचे पोते ठेवलेलेही पाहिले. टबाने निम्मी न्हाणी अडवल्यामुळे घरातली माणसे उरलेल्या चिंचोळ्या जागेत उभ्याने अंगावर तांब्ये ओतून घेत. मालकांच्या आई, ज्यांना सारा गाव आक्का म्हणतो, त्या टबाचा काठ ओलांडून नळापाशी जाऊ शकत नव्हत्या. त्या परड्यात धुण्याच्या दगडावर, साडीचा आडोसा करून अंघोळ करीत. श्रावणात शेवाळलेल्या त्या दगडावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. उतारवयात हे हाड मोडले म्हणजे शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि पुष्कळदा माणूस पुन्हा आपल्या पायावर पहिल्यासारखा चालत नाही. आक्का काठी घेऊन चालू लागल्या हे नशीब. दवाखान्याला जेवढे पैसे गेले तेवढ्यात दोन न्हाण्या झाल्या असत्या.

मग मालक मला म्हणाले, “साहेब, टब काढायचा आणि शॉवर बसवायचा. किती खर्च येईल?”

मी विचारले, “पाणी जातंय कुठं?”

“जातंय की बाहेर.”

बाहेर म्हणजे कुठे, ते पाहायला आम्ही एक सोपी परीक्षा केली. आपल्या जिल्ह्यात गुलालाला काही तोटा नाही. बादलीभर पाण्यात मूठभर गुलाल कालवला आणि न्हाणीत ओतला. अशा पाच-सहा बादल्या साध्या पाण्याच्या मागून सोडल्या. परड्यातल्या पाइपातून लाल पाणी आले ते थोडे. पण पाऊण तासाने गोठ्याच्या बाजूला, पायाच्या दगडांतून लाल ओघळ दिसला. जमिनीखाली पाइपाचा जोड सुटलेला होता आणि टबाआडून कोणाला कळले नव्हते. इतकी वर्षे घरच्या पायाला साबणाचे पाणी मिळत होते. शॉवर बसवून वर हजारो रुपयांच्या फरशा लावल्या असत्या तर हे दुखणे झाकले गेले असते, बरे झाले नसते. न्हाणीला हात घालण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने करावी. खर्च मूठभर गुलालाचा.

बहुतेकांच्या घरी टब नाही, पण त्याचा गावठी भाऊ आहे: न्हाणीतला हौद. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच अशा हौदात सुमारे सव्वाचारशे लिटर पाणी राहते. पाणी दिवसाआड येत होते तेव्हा तो लागतच होता. पण पाच बाय सहा फुटांच्या न्हाणीत तो सहा चौरस फूट, म्हणजे पाचवा हिस्सा जागा खातो, कडेला शेवाळ धरतो, आणि आठवड्याला कोरडा केला नाही तर डेंगीचे डास त्यात वाढतात. हा साठा न्हाणीतून काढून वर नेला की न्हाणी मोकळी होते आणि नळाला दाबही मिळतो. तेव्हा टब काढायचा असो वा हौद, पुढचा विचार एकच आहे.

वर न्यायचे म्हणजे कशावर, हे मात्र पाहिले पाहिजे. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन होते. स्लॅब असेल तर भिंतीच्या माथ्यावर येईल अशी ठेवावी. कौलारू घराच्या वाशांवर किंवा पत्र्यावर ती चालत नाही. भिंतीशेजारी स्वतंत्र लोखंडी घोडा उभा करून त्यावर ठेवावी. घर पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंतींचे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या भिंतीला शॉवर लावूच नका. मातीच्या भिंतीला पाण्याइतका दुसरा वैरी नाही. २०१९ च्या महापुरात आपण ते उघड्या डोळ्यांनी पाहिले. अशा घरी परड्याच्या बाजूला विटा-सिमेंटची सुटी न्हाणी बांधणे जुनी न्हाणी सजवण्यापेक्षा शहाणपणाचे.

आता शॉवरविषयी. ‘फवारा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाठीवरचा पंप येतो, म्हणून शॉवरच म्हणू. शॉवरमुळे पाणी वाचते असे शहरातली मंडळी सांगतात. टबाशी तुलना केली तर ते खरेच आहे. पण आपण टबात बसत नाही, बादली-तांब्याने अंघोळ करतो आणि एका बादलीत, पंधरा ते वीस लिटरमध्ये, अंघोळ उरकते. साधा शॉवर चांगल्या दाबाला मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो. दहा मिनिटे उभे राहिले तर ऐंशी ते शंभर लिटर गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला सर्व कामांसाठी मिळून रोज ५५ लिटर धरले आहेत. एकट्या अंघोळीत त्याच्या दीड-दोन पट उडवणे परवडणारे नाही. धडधाकट माणसाने बादलीच वापरावी. शॉवर हवा तो म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणीला, ज्याला वाकून तांब्या उचलता येत नाही त्याला. त्यांच्यासाठी भिंतीतला मोठा शॉवर न घेता नळीला लावलेला हातातला शॉवर घ्यावा. बसून अंग भिजवायचे, नळी बंद करायची, साबण लावायचा, पुन्हा सोडायचे. दोन-तीन मिनिटांचे पाणी म्हणजे बादलीभरच.

दाबाचे गणित ठिबक वापरणाऱ्याला समजावून सांगायला नको. ठिबकला किलोभर दाब लागतो, तुषारला दोन-अडीच किलो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो. आपल्या एकमजली घरावर टाकीचा तळ जमिनीपासून तेरा फुटांवर आणि शॉवर साडेसहा फुटांवर असेल तर मधली उंची साडेसहा फूट, म्हणजे दाब फक्त ०.२ किलो. दुकानात मोटर लावून दाखवलेला ताटाएवढा शॉवर इतक्या दाबावर नुसता ठिबकतो. लहान तोंडाचा, कमी भोकांचा घ्यावा. उरलेल्या पैशांत घोडा दोन फूट उंच करावा. शिरोळ-हातकणंगल्याकडे बोअरच्या जड पाण्याने भोके पांढरी होऊन बुजतात. शॉवरचे तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात ठेवले की मोकळी होतात. ठिबकच्या नळ्यांना वापरतो ते ॲसिड इथे आणू नये.

आता कामाचा क्रम. पैसे कमी पडले तर शेवटचे काम राहावे, पहिले नव्हे, म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिले काम घराबाहेरचे: पाणी मुरण्याची जागा. न्हाणीच्या नि धुण्याच्या पाण्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा, दगडांनी भरलेला, पाच माणसांच्या घराला साधारण पुरतो. त्यात दगडांमधल्या पोकळीत चारशे लिटरच्या आसपास पाणी मावते. मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगड भरायची जी पद्धत नांदेड जिल्ह्याने गावोगाव रुजवली, ती अधिक चांगली. वरून ढापा काढून गाळ उपसता येतो. संडासाचे पाणी या खड्ड्यात अजिबात सोडू नये. विहिरीपासून, हातपंपापासून किमान पन्नास फूट दूर राहावे. खड्ड्याच्या आधी एक लहान चेंबर करून त्यात जाळी बसवावी. केस, साबणाचा साका तिथे अडतो. ती जाळी आठ दिवसांनी झाडावी, नाहीतर वर्षात खड्डा बुजतो.

आपला जिल्हा मात्र एकसारखा नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला शिरोळात पाच-सहाशे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तांबडी-जांभ्याची जमीन एरवी पाणी झपाट्याने पिते. पण आषाढात भूजलच वर येते आणि खड्डा तुडुंब भरतो. तिकडे खड्ड्याला वरच्या अंगाने एक उपळ काढून पाणी परसबागेकडे न्यावे. शेजाऱ्याच्या परड्यात नव्हे, भांडणाला तेवढे कारण पुरते. पूर्वेकडच्या भारी काळ्या जमिनीत दुखणे उलटे आहे. तिथे पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात खणून पाणी ओतले तर भेगांतून गटागट पिते आणि माणूस फसतो. म्हणून परीक्षा अशी करावी: फूटभर खोल खड्डा काढावा, संध्याकाळी पाण्याने भरून रात्रभर ओला होऊ द्यावा, सकाळी पुन्हा भरावा आणि मग पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. दुपारपर्यंतही पाणी तसेच दिसले तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा. पाणी पाइपाने लांब नेऊन केळी, अळू, कर्दळीच्या वाफ्याला द्यावे. जिथे रान आधीच क्षारपड आहे तिथे साबण-सोड्याचे पाणी एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे न सोडता वाफा बदलत राहावे. चोपण झालेले रान सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाइपा घालाव्या लागतात आणि त्याला काय खर्च येतो, हे शिरोळकरांना मी सांगायला नको.

नदीकाठच्या गावांना आणखी एक सावधगिरी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कित्येक घरांत पाणी दारातून येण्याआधी न्हाणीच्या ट्रॅपमधून वर आले. अशा ठिकाणी नव्या न्हाणीची जमीन जमेल तेवढी उंच घ्यावी, आणि ट्रॅपच्या तोंडाला बसेल असे रबरी बूच घरात ठेवावे. आधी माहीत असले तर दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरे काम जमिनीचे. ट्रॅपच्या वाटीत सतत दोन इंच पाणी उभे राहते, त्यामुळे घाण वास आणि झुरळे वर येत नाहीत. तो नसेल तर आता बसवावाच. ट्रॅपपासून निघणारी पाइप तीन इंची घ्यावी. जमिनीचा उतार फुटाला पाव इंच, म्हणजे सहा फुटांना दीड इंच. गवंडी ‘डोळ्याने बघतो’ म्हणेल. त्याला नळीत पाणी भरून पातळी घ्यायला लावावी. उसाच्या सरीला आपण जेवढी पातळी बघतो तेवढी तरी न्हाणीला बघू या. काँक्रीट, त्यावर पाणी न झिरपण्याचा थर, आणि मग फरशी लावण्यापूर्वी ट्रॅपला बूच मारून चोवीस तास पाणी तुंबवून ठेवावे. कडेला पेन्सिलीने खूण करावी. खूण आणि पाणी जुळले नाही तर गवंड्याचा चहा बंद करून काम पुन्हा करून घ्यावे. ही परीक्षा होईपर्यंत त्याला पुढचा हप्ता देऊ नये. एकदा फरशी बसली की मग बोलून उपयोग नाही.

फरशीबाबत बायका-पुरुषांचे एकमत क्वचित होते. भिंतीला हवी तशी चकचकीत घ्या. खाली मात्र खरबरीत, फूट बाय फुटाची किंवा त्याहून लहान घ्या. मोठ्या फरशीला चारी बाजूंनी उतार देता येत नाही. दुकानात फरशीवर पाणी टाकून, थोडा साबण चोळून, तळपायाने पाहावे. दुकानदार हसला तरी हसू द्यावे. जुन्या न्हाणीतला घडीव काळा दगड फेकू नका. टाकी मारून खरबरीत केला की बाहेर धुण्याला जन्मभर पुरतो.

फरशी किती लागेल तेही कागदावर काढू. आतून पाच बाय सहाची न्हाणी, अडीच फुटांचे दार. जमीन ३० चौरस फूट. चारी भिंतींना सहा फूट उंच फरशी लावली तर ११७ चौरस फूट, एकूण १४७. तुटफुटीला दहा टक्के धरून १६२. पण पाणी उडते ते शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर. त्या दोन भिंती सहा फूट आणि बाकीच्या तीन फूट घेतल्या तर तुटफुटीसह १३४ चौरस फुटांत भागते. २८ चौरस फूट फरशी आणि तिची मजुरी वाचली. आक्कांसाठी भिंतीला लावायचे मजबूत दांडे याच पैशांतून झाले.

त्या घरच्या नकाशाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मालक आणि मी टेप धरून मापे घेत होतो. कपबशा घेऊन आलेल्या वैनी दारात थांबल्या. मी विचारले, “वैनी, तुम्हाला काय पाहिजे?” आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लेकराला न्हाऊ घालायला पाय पसरून बसता आलं पाहिजे.” आम्ही दोघे गप्प झालो. पायांवर तान्हे मूल घेऊन त्याला न्हाऊ घालायचे तर पाट धरून पाच फूट सरळ जागा लागते. पुरुषाने काढलेल्या नकाशात ती कधीच नसते. पुढे त्यांनी बरेच सांगितले. कपडे ठेवायला दारापासून दूर, उडत्या पाण्याबाहेर खुंट्या. छातीच्या वर एक झरोका, म्हणजे उजेड-वारा येईल पण बाहेरून दिसणार नाही. दाराला आतून धड कडी. पहाटे चारला उठून, पुरुष जागे व्हायच्या आत, अंधारात अंघोळ उरकणाऱ्या बाईला कडी आणि दिवा म्हणजे काय असते ते आपल्याला कळत नाही. माझी विनंती एवढीच, की जी रोज न्हाणी घासणार आहे तिच्या हातात खडू द्या आणि अंगणात मापाची न्हाणी आखून तिला बसून, उठून पाहू द्या.

म्हाताऱ्या माणसांसाठी चार गोष्टी भिंतीत पक्क्या करायच्या असतात, म्हणून त्या आधी ठरवाव्यात. बसायला गुडघ्याच्या उंचीचा, सतरा-अठरा इंची कट्टा, वर खरबरीत फरशी. कट्ट्याशेजारी आणि दारापाशी, जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर धरायला लोखंडी दांडा, पक्क्या विटेत खोल खिळवलेला. टॉवेलची दांडी धरायची सवय वाईट. दाराला उंबरा नको, पाणी उताराने थांबवावे. आणि दार बाहेर उघडावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडी बाहेरून नाणे घालून फिरवता येईल अशी मिळते, ती लावावी.

पाणी तापवण्याबाबत एक इशारा. गॅसचा गिझर न्हाणीच्या आत बसवू नये. बंद खोलीत गॅस जळताना जो कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार ठोठावूनही उत्तर येत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत असावा. पेटलेला बंब किंवा निखाऱ्याची शेगडी आत घेऊन दार लावणे तितकेच घातक. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे, बटण न्हाणीबाहेर असावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच घरात असावा. सूर्यबंबाला चार महिने पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून परड्यातला तांब्याचा बंब मोडीत काढू नका. फक्त त्यात उसाचे पाचट जाळू नका. त्याची जागा खोडव्याच्या सरीत.

आता पैसे. कोणत्या गावात काय दर चालू आहे ते तिथल्या गवंड्याला आणि दुकानदाराला विचारावे लागेल. वाटणी कशी करायची ते दाखवण्यासाठी ८० हजार रुपये धरू. त्यातले १० हजार आधीच बाजूला काढून घरच्या बाईजवळ द्यावेत आणि विसरून जावे. जुने बांधकाम फोडले की काहीतरी निघतेच. गुलालाच्या परीक्षेत आमचा सुटलेला जोड निघाला तसा. उरले ७० हजार. फोडणे आणि राडारोडा वाहणे ६ हजार, पाइप-ट्रॅप-चेंबर-शोषखड्डा १६, काँक्रीट, गळतीचा थर आणि गिलावा १४, फरशी मजुरीसह १८, दार-झरोका ६, टाकीची जोडणी, नळ, शॉवर आणि दांडे ७, वीज ३. बेरीज करून पाहा. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन कामांना मिळून ३० हजार, दिसणाऱ्या फरशीला १८. बहुतेक घरी हे प्रमाण उलटे असते आणि मग दुरुस्तीच्या दुरुस्तीला पैसे जातात. नवी टाकी आणि घोडा लागणार असेल तर तो खर्च वेगळा धरावा.

हे पैसे आणायचे कुठून? सोसायटीच्या पीककर्जातून नको. ते फेडायला वेळ झाला की व्याजाची सवलत जाते आणि जूनमध्ये खताला हात पसरावा लागतो. न्हाणीची फरशी झाली आणि खोडवा उपाशी राहिला, असे मी पाहिले आहे. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे असा ऊस नियंत्रण आदेशाचा १९६६ पासूनचा नियम आहे. पण हाती येताना त्यातून सोसायटी वजा होते, म्हणून सगळे बिल धरून बेत करू नये. हप्त्याहप्त्याने करायचे असेल तर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलासारखा भरवशाचा पैसा नाही. प्रत्येक बिलातून ठरावीक रक्कम वेगळी टाकली आणि दिवाळीचा फरक त्यात मिळवला की बाहेरचे काम, म्हणजे खड्डा आणि पाइप, एका वर्षी आणि आतले दुसऱ्या वर्षी आरामात होते. असे दोन तुकड्यांत केले तरी चालते, कारण बाहेरचे काम कधी वाया जात नाही.

गवंड्याला काम उक्ते द्यायचे की रोजाने, हा वाद जुना आहे. माझे मत असे की, फोडणे, खड्डा आणि भिंती उक्त्या द्याव्यात. गळतीचा थर आणि उतार रोजाने करून घ्यावा. उक्त्या कामात गवंडी घाई करतो आणि घाई नेमकी उतारात दिसते. सामान स्वतः आणावे, पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. बोली साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्यात राडारोडा कोण उचलणार हेही लिहावे, कारण सर्वांत जास्त भांडणे त्यावरच होतात.

मुहूर्त फाल्गुन ते वैशाखाचा. ऊस गेलेला असतो, पाऊस नसतो, सिमेंटला सात दिवस पाणी मारायला घरी माणूस असतो. फक्त चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि गावची म्हाई पाहून तारीख धरावी; त्या आठवड्यात गवंडी मिळत नाही आणि घरी पाव्हणे दुप्पट असतात. काम तीन आठवडे तरी चालते असे समजून परड्यात चार पत्रे उभे करून, दाराला पडदा आणि वर दिवा लावून तात्पुरती न्हाणी आधी तयार करावी.

आणि काम झाल्यावर: पाइप जमिनीखालून कुठून गेली ते बुजवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, टेप शेजारी धरून. दहा-बारा फरशा जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तोच रंग दुकानात मिळत नाही.